अलिबागची सकाळ आणि ओहोटीचें गणित

अलिबागेस मुक्कामाला आलेला शहरांतील पाहुणा सकाळीं उठल्याबरोबर जो पहिला प्रश्न विचारतो, तो बहुधा ठरलेला असतो : "किल्ला किती वाजतां उघडतो?" खानावळीचा मालक भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे एकवार नजर टाकतो आणि म्हणतो, "आज पंचमी. दहाच्या सुमारास पूर्ण सुकती. साडेआठनंतर निघा, साहेब. तोंवर चहा होऊं द्या." पाहुण्याला हें उत्तर चमत्कारिक वाटतें. त्यानें वाजले किती हें विचारलें होतें, तिथि विचारली नव्हती. सहा वाजून गेलेले असतात आणि साडेआठ वाजेपर्यंत करावयाचें काय, ही विवंचना त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते. परंतु मालकाचें उत्तर बरोबर असतें. आणि तें कां बरोबर असतें हें उलगडूं लागलें कीं मधले अडीच तास कसे गेले याचा पत्ता लागत नाहीं.

अलिबाग हें रायगड जिल्ह्याचें मुख्य ठिकाण. या जिल्ह्याला १९८१ पर्यंत कुलाबा असें नांव होतें, आणि तें नांव ज्या किल्ल्यावरून पडलें तो अलिबागच्या किनाऱ्यासमोर, समुद्रांतल्या खडकावर उभा आहे. मुंबईहून बोटीनें मांडव्यास उतरावें आणि तेथून अठरा-वीस किलोमीटर मोटारीनें यावें, कीं अलिबाग आलें. शनिवार-रविवारीं येथें इतकी गर्दी लोटते कीं समुद्र पाहण्याऐवजीं लोक एकमेकांनाच पाहून परत जातात. मधल्या वारीं मात्र हें गांव आपल्या मूळच्या चालीनें चालतें. नारळी-पोफळींच्या वाड्यांतून पाणी खेळत असतें, अंगणें झाडलीं जात असतात, आणि कचेऱ्यांच्या गांवीं असावी ती धांदल दहा वाजल्याखेरीज सुरू होत नाहीं. निवांत सकाळ पाहावयाची तर अशाच एखाद्या दिवशीं, आणि शक्य तर चतुर्थी-पंचमीच्या सुमारास.

आतां तिथीचा हा आग्रह कशासाठीं? किनारा आणि किल्ला यांच्यामध्यें सुमारें एक-दीड किलोमीटरचा उथळ पट्टा आहे. भरतीच्या वेळीं तो पाण्याखालीं असतो व किल्ला हें बेट असतें. ओहोटी पुरी झाली कीं पट्टा उघडा पडतो आणि माणूस पायीं किल्ल्यापर्यंत जाऊं शकतो. हें दिवसाकाठीं दोन वेळां घडतें, कारण चंद्राच्या आकर्षणानें समुद्राला चढणारा फुगवटा एक चंद्राच्या बाजूला व दुसरा पृथ्वीच्या विरुद्ध अंगाला असतो, आणि फिरणारी पृथ्वी आपला प्रत्येक किनारा दिवसांतून एकदां या फुगवट्याखालून व एकदां त्या फुगवट्याखालून नेते. पण पृथ्वी एक फेरी पुरी करीते तोंवर चंद्रही थोडा पुढें सरकलेला असतो. त्याला गांठावयास पृथ्वीला आणखी पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. म्हणून आजची भरती उद्यां त्याच वेळेला येत नाहीं. जवळजवळ पन्नास मिनिटें उशिरां येते.

या पन्नास मिनिटांवर किनाऱ्यावरच्या लोकांनीं एक सुटसुटीत रीत बसविली आहे. तिथीच्या आंकड्याची पाऊणपट करावी, कीं पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चार गुणिलें पाऊण म्हणजे तीन वाजतां भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाला भरती. भरतीपासून सहा तास व कांहीं मिनिटें मोजलीं कीं ओहोटी, जिला कोळी लोक सुकती म्हणतात. पंचमीला भरती पहाटे पावणेचारला, म्हणून सुकती दहाच्या सुमारास. खानावळीच्या मालकानें मनांतल्या मनांत केलें तें एवढेंच. अर्थात् ही रीत चोख नव्हे. पंधरा तिथींत भरतीची वेळ पुरे बारा तास सरकते. तेव्हां खरा गुणक पाऊण नसून चार-पंचमांश आहे. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा होते आणि चार-पंचमांश बारा होतात, म्हणजे पक्षाच्या शेवटीं हिशेबांत पाऊण तासाची तूट येते. पण अंधारांत होडी लोटतां लोटतां चार-पंचमांशाचा गुणाकार करीत बसणार कोण? पाऊणकी पूर्वीं पाढ्यांबरोबर पाठ असे. ज्याला मिनिटाचा काटा हवा त्यानें भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे छापील तक्ते पाहावे. हल्लीं तीच माहिती मोबाईलवरही मिळते. तरी सुद्धां किनाऱ्यावरचा म्हातारा बोटांवर मोजून जी वेळ सांगतो ती फारशी चुकत नाहीं, आणि ती सांगतांना तो त्या दिवशीं वारा कसा आहे हेंही सांगतो. तक्त्याला तें साधत नाहीं.

पाऊणकी झाली. पण नुसती वेळ समजून भागत नाहीं. पाणी किती हटणार हेंही समजावें लागतें. अमावास्या व पौर्णिमा यांना सूर्य आणि चंद्र एका रेषेंत येतात, दोघांची ओढ एकवटते, व उधाण येतें. पाणी फार चढतें आणि तितकेंच दूर जातें. मुंबईजवळच्या या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाच्या दिवशीं चढलेलें पाणी व उतरलेलें पाणी यांत ४ मीटरांहून अधिक अंतर पडतें. सप्तमी-अष्टमीला सूर्य व चंद्र काटकोनांत ओढतात, एकाची ओढ दुसरा खातो, आणि भरती-ओहोटी दोन्हीही बेताच्या होतात. याला भांग म्हणतात. उधाणाचा जोर पर्वदिवशींच सर्वांत अधिक असतो असें नाहीं; पाण्याला वेग घेण्यास व तो सोडण्यास वेळ लागत असल्यामुळें तो एक-दोन दिवस मागून येतो. आतां सकाळीं पायीं जाऊं इच्छिणाऱ्याची अडचण लक्षांत येईल. पौर्णिमेला पाणी खूप हटतें, पण तें सकाळीं सहाला, उजाडतां उजाडतां. आणि अष्टमीला सुकती दुपारीं बाराला, पण भांग असल्यानें वाट नीट कोरडीही होत नाहीं. दोहोंच्या मध्यें चतुर्थी-पंचमीला उधाणाचा थोडा जोर शिल्लक असतो व वेळही सोयीची असते. पंधरवड्यांत अशा दोन-तीनच सकाळी सांपडतात.

त्यांपैकीं एका सकाळीं, हिवाळ्यांत, साडेसहाला वाळूवर जाऊन उभें राहावें. वारा पाठीमागून लागतो. समुद्रकांठीं वारा समुद्रावरून यावयाचा, ही शहरांतील माणसाची समजूत पहाटे खोटी ठरते. रात्रीं जमीन लवकर निवते, पाणी निवत नाहीं; पाण्यावरची हवा उबदार असल्यामुळें वर जाते आणि तिची जागा घेण्यास जमिनीवरची गार हवा समुद्राकडे वाहूं लागते. हाच मतलई वारा. शिडाचे दिवस होते तेव्हां मचवे याच वाऱ्यावर बाहेर पडत आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत येत. आतां यंत्रें आलीं, परंतु सकाळच्या समुद्राचें रूप अजूनही मतलईच ठरवितो. वारा जमिनीवरून येत असल्यामुळें लाटेला पाठबळ मिळत नाहीं, पाणी तुळतुळीत दिसतें, आणि किल्ल्याची काळी रेघ त्यावर जणूं नुसती ठेवलेली असते. वाऱ्याबरोबर गांवांतल्या चुलींचा धूर, न्हाणीघरांतलें तापलेलें पाणी, कुठें भाजलेली भाकरी, असे सारे वास समुद्राकडे जातात. दहा-अकरानंतर उलट होतें आणि सारें गांव माशांच्या व मिठाच्या वासानें भरतें.

कोळीवाड्याच्या बाजूला मासळीच्या पाट्या उतरूं लागतात. त्यांत काय दिसेल हेंही पुष्कळसें तिथीवर असतें. या भागांत डोल जाळें वापरतात. हें जाळें पाण्यांत ओढीत नेत नाहींत. तें मोठ्या पिशवीसारखें प्रवाहाच्या तोंडाला रोवून ठेवतात आणि भरती-ओहोटीचा ओघच मासळी त्यांत लोटतो. बोंबील, जवळा, कोळंबी हीं या जाळ्याचीं मुख्य गिऱ्हाइकें. उधाणाच्या दिवसांत ओघ जोराचा म्हणून डोल भरते. भांगाच्या दिवसांत ओघच मंद, तेथें जाळें बापडें काय करणार? पाट्या हलक्या दिसल्या म्हणजे बाजारांतला भाव कां चढला हें कोळणीला विचारावें लागत नाहीं. आकाशांतला अर्धा चंद्र पाहिला तरी पुरे. घासाघीस करणाऱ्या शहरी गृहिणीनें हें ध्यानांत ठेविलें तर दोघींचाही वेळ वांचेल.

किनाऱ्यापासून जवळच एक बैठें, शांत आवार आहे. येणाऱ्यांपैकीं पुष्कळजण त्यावरून न पाहतां पुढें जातात. ही अलिबागची चुंबकीय वेधशाळा. तिची कथा अशी, कीं मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मोजमापें १८४१ पासून नियमानें होत होतीं. पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें. रुळांतून फिरणाऱ्या विजेनें नाजूक सुया हालणार, साठ वर्षांची मोजणी वायां जाणार, हें उघड होतें. तेथील संचालक डॉ. नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनीं जवळची पण कोलाहलापासून दूर अशी जागा शोधली, ती अलिबागेची. १९०४ सालीं येथें वेधशाळा उभी राहिली. बांधकामांत चुंबकाला ओढेल असें लोखंड येऊं नये म्हणून दगडापासून खिळ्यांपर्यंत दक्षता घेतली गेली. जुन्या व नव्या दोन्ही ठिकाणीं १९०६ पर्यंत बरोबरीनें मोजणी करून दोहोंचा मेळ बसविला, आणि मग मुंबईचें काम थांबविलें. मुंबईंत विजेची ट्राम धांवूं लागली ती १९०७ सालीं. म्हणजे मूस यांनीं पाहुणा दाराशीं येण्यापूर्वींच घर आवरून ठेविलें होतें. १८४१ पासूनची ती मालिका अखंड आहे, आणि आज भारतीय भूचुंबकत्व संस्था ती चालविते. एका गांवाची शांतता ही शास्त्राच्या उपयोगाची वस्तु ठरावी, याचें इतकें सुरेख उदाहरण सहसा आढळत नाहीं.

दुसरें एक उदाहरण मात्र जवळच, उत्तरेस दहा-बारा किलोमीटरांवर, किहीम येथें घडलें. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली जर्मनींतून शिक्षण घेऊन परतले तेव्हां त्यांच्यासाठीं नोकरी उरली नव्हती. पति-पत्नी किहीमला येऊन राहिलीं. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. १९३० सालीं सालिम अलींनीं तिच्याकडे पाहत बसण्यांत महिने घालविले. त्यांतून असें दिसून आलें कीं घरटें विणतो तो नर. तें अर्धवट झालें कीं माद्या येऊन तपासतात. एखादीला पसंत पडलें तर ती तेथें संसार थाटते, आणि नर तें पुरें करून दुसऱ्या मादीसाठीं दुसरें घरटें विणावयास घेतो. हा शोध १९३१ सालीं प्रसिद्ध झाला व त्यानेंच त्यांचें नांव झालें. किहीमच्या शेजाऱ्यांपैकीं कोणी त्या दिवसांत त्यांना रिकामटेकडा म्हटलें असेल काय, असा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

साडेआठ होतात. पोहे व त्यावरचें ओलें खोबरें संपलेलें असतें, पाणी मागें सरकलेलें असतें, आणि किनाऱ्याची काळसर, ओली, घट्ट वाळू उघडी पडलेली असते. सह्याद्रीचा काळा पाषाणच झिजून तिच्यांत मिसळला आहे, म्हणून ती पांढरी नाहीं. तिच्यावर जागोजाग मोहरीएवढ्या, वाटाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी मांडलेली दिसते. नक्षीच्या मध्यें एक भोंक असतें. ओहोटी झाली कीं लहान लहान खेकडे त्या भोंकांतून बाहेर येतात, वाळू तोंडांत घालून तिच्यांतला खाण्याजोगा अंश चाळून घेतात, आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागें टाकतात. भोंकापासून सरळ रेषेंत पुढें जाणें, पुन्हां मागें येणें, मग शेजारची रेषा धरणें, अशी त्यांची रीत असते; म्हणून ती रांगोळी सूर्याच्या किरणांसारखी दिसते. पाऊल वाजलें कीं सारे आंत. पांच मिनिटें दगडासारखें उभें राहिलें कीं सारे बाहेर. मुलांना हा खेळ इतका आवडतो कीं किल्ला राहून जाण्याचीही भीति असते. येणारी भरती ती सारी रांगोळी पुसून टाकते व सहा तासांनीं खेकडे पुन्हां आरंभ करतात.

किल्ल्याबद्दल थोडक्यांत. शिवाजी महाराजांच्या हयातीच्या शेवटच्या वर्षीं, १६८० मध्यें, त्याचें काम सुरू झालें व संभाजी महाराजांच्या काळीं तें पुरें झालें. पुढें कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचें हें मोठें ठाणें होतें. १७२१ सालीं इंग्रज व पोर्तुगीज या दोघांनीं मिळून यावर चढाई केली, आणि दोघेही हात हालवीत परत गेले. कान्होजी १७२९ सालीं वारले. त्यांची समाधि अलिबाग गांवांत आहे. किल्ल्यांत १७५९ सालीं राघोजी आंग्रे यांनीं बांधलेलें सिद्धिविनायकाचें देऊळ आहे, गोड्या पाण्याची सोय आहे, आणि तटावर इंग्लंडांत ओतलेल्या दोन तोफा गाड्यांसह अद्याप उभ्या आहेत. या सर्वांहून विचार करावयास लावणारी गोष्ट तटाच्या पायाशीं आहे. तेथील प्रचंड दगड चुना न भरतां एकावर एक नुसते रचले आहेत. लाट येऊन आपटली कीं पाणी फटींतून आंत शिरतें, लाटेचा जोर अनेक वाटांनीं फुटतो, आणि तेंच पाणी निमूटपणें परत वाहून जातें. सलग चुनेगच्ची भिंत असती तर साराच मार तिच्या अंगावर बसला असता. तीनशें चाळीसांहून अधिक पावसाळे या रचनेनें खाल्ले आहेत. जागेची निवडही अशीच : पायदळाला दिवसांतून दोनदां, थोडाच वेळ वाट मोकळी, आणि मोठ्या गलबतांना भोंवतींच्या खडकांची धास्ती.

आतां परतीची गोष्ट. आणि येथें मात्र निवांतपणा कामाचा नाहीं. दरवर्षीं कोणी ना कोणी किल्ल्यांत रमतो, दहाला सुकती होती तर चारला भरती, म्हणजे आपल्याजवळ अजून चांगले तीन-चार तास आहेत असा हिशेब करतो, आणि फसतो. चूक अशी, कीं पाणी सारख्या वेगानें चढत नाहीं. दर्यावर्दी लोक चढावाचे बारा वांटे करतात. सुकतीनंतर पहिल्या तासांत एक वांटा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत तीन, चौथ्यांत तीन, पांचव्यांत दोन, सहाव्यांत एक. पंचमीचा चढाव ३ मीटर धरिला तर पहिल्या तासांत २५ सेंटिमीटर पाणी येतें. त्यानें फक्त पाऊल बुडतें आणि मनुष्य बेफिकीर होतो. दुसऱ्या तासांत त्यांत ५० सेंटिमीटरांची भर पडून तें मांडीला लागतें. तिसऱ्या तासांत आणखी ७५, म्हणजे एकूण दीड मीटर. मुलाच्या डोक्यावरून व बाईमाणसाच्या गळ्याशीं. हा हिशेब अगदीं सखल जागेचा आहे; उंच वाळूवर पाणी उशिरां पोंचतें. पण धोका त्यांतच आहे. उंचवट्यावर कोरडा उभा असलेला मनुष्य समोर पाहत असतो, आणि तोंवर त्याच्या व किनाऱ्याच्या मधल्या सखल भागांत पाणी बाजूनें शिरलेलें असतें. खडक शेवाळलेले, ओघ तिरका, हातांत मूल. म्हणून जाणकार सांगतात तें साधें आहे : सुकतीच्या दीड तास अगोदर निघावें आणि सुकतीनंतर तास उलटण्याच्या आंत किनाऱ्याला लागावें, निघण्यापूर्वीं तेथल्या माणसाला विचारावें, आणि तो 'आज नको' म्हणाला तर त्याच्याशीं वाद घालूं नये. पावसाळ्यांत तर पायीं जाण्याचा विचारच करूं नये. घोडागाड्या उथळ पाण्यांतून जातात हें खरें. पण घोड्याचे पाय माणसाच्या पायांहून लांब असतात, हें गाडीमागून चालणारे विसरतात.

अकराच्या सुमारास वारा पडतो. जमीन आतां तापलेली असते, पाणी अजून गार असतें. थोडा वेळ पानही हालत नाहीं. मग समुद्राकडून पहिली झुळूक येते. सकाळी तुळतुळीत असलेल्या पाण्यावर बारीक सुरकुत्या दिसूं लागतात आणि सखल भागांत पाण्याच्या जिभा शिरूं लागतात. किनाऱ्यावर पोंचलेलीं माणसें पाय धुवून वर येतात, नारळपाणी मागवितात, आणि जेथून आपण आलों ती वाट नाहींशी होतांना पाहतात. किल्ल्यांत मागें राहिलेल्यांना आतां होडीची वाट पाहावी लागते. मुक्काम वाढविलेल्या पाहुण्याला खानावळीचा मालक रात्रीं दिनदर्शिका दाखवून सांगतो, "उद्यां षष्ठी. पावणेअकराला पूर्ण सुकती. सकाळीं घाई नको." आणि पाहुणा या वेळीं कां म्हणून विचारीत नाहीं, आणखी एका कप चहाला उद्यां पाऊण तास मिळाला, एवढेंच मनाशीं मोजतो.